खाऱ्या पाण्यातले पांढरे ठिपके

समुद्री माशांच्या काचेच्या टाकीत जे परजीवी रोग येतात त्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वांत परिचयाचा आहे. माशाच्या परांवर, मग अंगावर, मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके उमटतात. मासा दगडाला अंग घासू लागतो, खाणे कमी करतो आणि त्याच्या कल्ल्यांची हालचाल वाढते. हा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय जीवामुळे होतो. त्याच्या अंगभर बारीक रोमक असतात आणि त्यांच्या जोरावर तो पोहतो. जपानमध्ये सिकामा यांनी 1937 मध्ये या रोगाचे वर्णन केले आणि आज रूढ असलेले शास्त्रीय नाव ब्राउन यांनी 1951 मध्ये दिले. गोड्या पाण्यातल्या टाकीत असेच ठिपके पाडणारा इक्थिऑफ्थिरिअस हा जीव त्याआधी, 1876 मध्येच, फ्रान्समध्ये फूके यांनी नोंदवला होता. दोघांचे जीवनचक्र इतके सारखे आहे की पुष्कळ काळ ते जवळचे नातलग मानले गेले. पुढे जनुकीय तपासणीत ते रोमकधारी जीवांच्या वेगवेगळ्या शाखांतले ठरले. माशाच्या कातडीखाली राहायचे आणि वंशवाढीसाठी तळाशी जायचे, ही रीत दोन वेगळ्या जीवांनी दोन वेगळ्या पाण्यांत स्वतंत्रपणे उचलली.

क्रिप्टोकॅरिऑनचे आयुष्य चार अवस्थांत विभागलेले आहे आणि उपचाराचा सारा विचार त्या चार अवस्थांवरच उभा आहे. पहिली अवस्था माशाच्या अंगावरची. परजीवी कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथल्या पेशी व द्रव खात तीन ते सात दिवस वाढतो. सुमारे अर्धा मिलिमीटरपर्यंत वाढला की तो ठिपका म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसतो. भोवती माशाचीच कातडी असल्याने पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. दुसऱ्या अवस्थेत तो मासा सोडून तळाशी उतरतो आणि काही तास वाळूवर किंवा काचेवर सरपटतो. तिसऱ्या अवस्थेत तो कठीण कोषात बंद होतो आणि आत विभागत राहतो. एका कोषातून साधारण दोनशे नवे जीव तयार होतात. कोष फुटला की चौथ्या अवस्थेतले हे पोहणारे जीव बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात.

यातला काळ नीट पाहण्यासारखा आहे. परिपक्व परजीवी मासा सोडतात ते मुख्यतः अंधारात, आणि कोष फुटण्याची वेळ असते पहाटेच्या आसपासची. प्रयोगशाळेत पूर्ण अंधारात ठेवलेल्या कोषांनीही ही पहाटेची वेळ पाळलेली दिसली, म्हणजे ते घड्याळ त्या जीवाच्या आतच आहे. कारण उघड आहे. प्रवाळावरचे बहुतेक मासे रात्री तळाजवळ, कपारीत विसावतात. परजीवी त्यांच्या झोपण्याच्या जागीच खाली पडतो, तिथेच कोष करतो आणि काही दिवसांनी मासा पुन्हा त्याच कपारीत निश्चल असताना नवी पिढी त्याच्याभोवती सोडतो. रात्री दिवे घालवताना दहा ठिपके असलेला मासा सकाळी स्वच्छ दिसतो तो यामुळे. टाकी ठेवणारा सुटकेचा श्वास टाकतो, बाजारातून आणलेल्या बाटलीला श्रेय देतो, आणि आठवड्याभराने त्याच माशावर शेकडो ठिपके येतात. या रोगात सर्वाधिक मासे या खोट्या दिलाशाने मरतात असे म्हणायला हरकत नाही. ठिपके जाणे ही रोगाची पायरी आहे. तिला बरे होणे समजले की पुढचा आठवडा हातचा जातो.

खुल्या समुद्रात हा परजीवी सहसा जीवघेणा नसतो. दोनशेंतले एक-दोन जीव माशापर्यंत पोहोचले तरी पुष्कळ झाले. बाकीचे लाटांबरोबर वाहून जातात. टाकीत वाहून जायला जागाच नाही. दोनशे लिटर पाण्यात पाच मासे असतील तर पोहणाऱ्या प्रत्येक परजीवीला मासा सापडणे जवळजवळ ठरलेले असते, आणि दर आठवड्याला संख्या कित्येक पटींनी वाढते. हेच समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत घडते. कारवारला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि तिथे जिताड्यासारखे मासे पिंजऱ्यात वाढवण्याचे काम झाले आहे. अशी मत्स्यशेती जगात जिथे जिथे दाट झाली तिथे हा परजीवी व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत भरण्याइतका वाढला. गर्दी हेच त्याचे बळ आहे.

कडोलीसारख्या गावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणे म्हणजे घाटमाथ्यावर समुद्राचा एक तुकडा सांभाळणे. बेळगाव शहराच्या उत्तरेला असलेल्या या गावाच्या चहूकडे भात, बटाटा, रताळी आणि भाजीपाल्याची शेते आहेत. चोर्ला घाट उतरून गोव्याचा किनारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, कारवार त्याहून दूर. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला, जे 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले, समुद्र रस्त्यापलीकडे होता. इथे प्रत्येक लिटर खारे पाणी घरी बनवावे लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलोच्या वर तयार समुद्री मीठ लागते. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि कार्बोनेट योग्य प्रमाणात नसतात. पाणीही नीट निवडावे लागते. शेतातल्या बोअरच्या पाण्यात खतांचा नायट्रेट उतरलेला असू शकतो. कर्नाटकातल्या पुष्कळ गावांत नाणे टाकून वीस लिटरचा कॅन भरून घेण्याची आरओ केंद्रे आहेत. समुद्री मीठ विरघळवायला तसले पाणी उत्तम.

मासे येतात ते मुंबई-चेन्नईच्या घाऊक बाजारांतून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, रात्रभराच्या प्रवासाने. वाटेत पाणी गार होते, अमोनिया वाढतो, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप झिजतो. हाच लेप त्याचे पहिले संरक्षण. घाऊक व्यापाऱ्याकडे अनेक ठिकाणचे मासे एकाच पाण्यावर चालणाऱ्या टाक्यांत राहिलेले असतात, म्हणून एका पिशवीतून सगळ्या बाजाराचे परजीवी घरी येऊ शकतात. माशांचा डॉक्टर जवळपास मिळत नाही. गावातला पशुवैद्य गाई-म्हशींचा असतो. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या या गावात वाचणाऱ्यांची वाण नाही, पण औषधाच्या बाटलीवरच्या सूचना मराठीत क्वचितच असतात आणि पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम एवढी साधी गोष्टही कुणी सांगत नाही. चुका तिथेच होतात.

पहिले काम म्हणजे रोग ओळखणे, कारण चार वेगवेगळे परजीवी दुरून सारखेच दिसतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. क्रिप्टोकॅरिऑनचे ठिपके सुटे, मोजता येतील असे, मिठाच्या कणाएवढे असतात. मखमल रोगात अंगावर पिठूळ, सोनेरी-राखी धूळ बसल्यासारखी दिसते आणि तीही दिवा तिरपा धरल्यावर. हा रोग अ‍ॅमिलोऊडिनियम ओसेलॅटम या डायनोफ्लॅजेलेटमुळे होतो. त्याचे पहिले वर्णन 1931 मध्ये ब्राउन यांनीच केले होते, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या माशांवरून. तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, म्हणून पुष्कळदा धूळ दिसण्यापूर्वीच मासा पाण्याच्या झोतासमोर धापा टाकत उभा राहतो आणि दोन-तीन दिवसांत मरतो. याच्या एका कोषातून 256 पर्यंत जीव बाहेर पडू शकतात. तिसरा परजीवी ब्रुकलिनेला, विदूषक माशांचा शत्रू. अंगावरून चिकट पांढरा लेप सोलून निघाल्यासारखा लोंबतो. हा कोष करत नाही. माशावरच दोनाचे चार होत जातो, म्हणून त्याची चाल फार वेगवान असते. चौथे चपटे कृमी, ज्यांना दुकानदार फ्लूक म्हणतात. ते जवळजवळ पारदर्शक असतात आणि डोळ्यांवर धुके आल्यासारखे दिसते.

खात्री करायला सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे, आणि तो महागडा असण्याची गरज नाही. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत असतो त्यातून, कमी शक्तीच्या भिंगाखालीही, हे जीव स्पष्ट दिसतात. माशाच्या अंगावरून काचपट्टीच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच लेप घ्यावा, टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकावा आणि लगेच पाहावे. क्रिप्टोकॅरिऑन काळसर, गोलसर असतो आणि संथपणे स्वतःभोवती फिरत राहतो. अ‍ॅमिलोऊडिनियम नासपतीसारखा, हालचाल न करता चिकटलेला. ब्रुकलिनेला मूत्रपिंडाच्या आकाराचा आणि सतत लगबगीत. एकदा तो फिरणारा काळा गोळा पाहिला की पुढचा महिनाभराचा कंटाळवाणा उपचार करण्याचे बळ येते, कारण शत्रू कोण हे आता डोळ्यांनी पाहिलेले असते. विद्यार्थ्यांना हे दाखवावे. पुस्तकातल्या अमीबाच्या चित्रापेक्षा ते जास्त काळ लक्षात राहते.

क्रिप्टोकॅरिऑनवर सर्वांत कमी रसायनांचा उपाय म्हणजे टाकी बदलणे. कोलोर्नी यांनी 1987 मध्ये ही पद्धत मांडली आणि ती परजीवीच्या वेळापत्रकावरच बेतलेली आहे. कोष फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात. मग मासा तिसऱ्या दिवशी दुसऱ्या, कोरड्या करून नव्याने भरलेल्या टाकीत हलवला तर अंगावरून उतरलेले परजीवी मागेच राहतात. दर 72 तासांनी असे चारदा केले की माशावरचा शेवटचा परजीवीही उतरून मागे राहिलेला असतो. मागे राहिलेली टाकी, हवेचा दगड, जाळे, हीटर सगळे धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचे. पूर्ण कोरडेपणा कोष सोसू शकत नाहीत. एक थेंब ओल राहिलेली जाळीही सगळे श्रम वाया घालवते. चाळीस लिटरच्या दोन टाक्या घेतल्या तर चार बदलांना साडेपाच-सहा किलो समुद्री मीठ लागते. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा असला की वीज गेली तरी चालते. लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे द्यावेत; शेतीच्या घरात ते पडलेलेच असतात, मात्र फवारणीच्या औषधाशी कधीही संबंध आलेला तुकडा वापरू नये. कडोलीसारख्या ठिकाणी, जिथे औषध मिळायला आठवडा लागतो आणि ऊन फुकट मिळते, हाच उपाय सर्वांत योग्य. मखमल रोग आणि कृमींवर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही.

दुसरा उपाय क्षारता कमी करण्याचा. समुद्राच्या निम्म्याहून कमी, म्हणजे लिटरमागे 16 ग्रॅमच्या खाली, क्षारता आली की कोषातले जीव फुगून मरतात. व्यवहारात ती 12 ग्रॅमच्या जवळ, विशिष्ट घनता 1.009, ठेवतात. हाडांचे मासे हे सोसतात, कारण त्यांच्या शरीरातल्या द्रवाची क्षारता जवळपास तेवढीच असते. दोन दिवसांत हळूहळू उतरवावे, महिनाभर ठेवावे आणि चढवताना आणखी सावकाश चढवावे. मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच हवा. काटा फिरणारा स्वस्त हायड्रोमीटर इतक्या बारीक फरकाला विश्वासू नसतो. तैवानमध्ये फार कमी क्षारतेतही जगणारे क्रिप्टोकॅरिऑन सापडल्याचे 2003 मध्ये नोंदले गेले, तेव्हा ठिपके परत आले तर हट्ट न धरता उपाय बदलावा. मखमल रोगाचा परजीवी तर एवढ्या कमी क्षारतेत सुखाने राहतो.

तिसरा उपाय तांब्याचा, आणि इथे शेतकरी घराला विशेष जपावे लागते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट प्रत्येक गोठ्याच्या कोनाड्यात असते. बोर्डो मिश्रणात ते शंभर लिटरला एक किलो पडते, म्हणजे लिटरमागे अडीच हजार मिलिग्रॅम तांबे. माशाच्या टाकीत लागते लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. फरक बारा हजार पटींहून अधिक आहे. शंभर लिटरला पुरे होणारे मोरचूद सुमारे 80 मिलिग्रॅम. बोटांची चिमूट त्याच्या कित्येक पट असते. म्हणून ते कोरडे कधीच टाकू नये. प्रयोगशाळेच्या दर्जाचे चार ग्रॅम मोरचूद एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवले की त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम तांबे येते. शंभर लिटरच्या उपचार-टाकीला असे वीस मिलिलिटर, तेही दोन-तीन दिवसांत विभागून. तांबे फक्त पोहणाऱ्या अवस्थेला मारते. कोषातले आणि कातडीखालचे परजीवी त्याच्या आवाक्यात नसतात. त्यामुळे पातळी तीन ते चार आठवडे एकसारखी राहायला हवी आणि तपासणी-संचाने रोज मोजायला हवी. वाळू किंवा चुनखडीचा दगड असेल तर तांबे त्यावर बसते, पाण्यातले घटते आणि पुढे केव्हातरी परत सुटते. उपचार-टाकी म्हणूनच उघड्या तळाची असते. कोळंबी, खेकडे, गोगलगाई आणि तारामासे तांब्याने मरतात.

मखमल रोगाला मात्र तांबे किंवा क्लोरोक्विन फॉस्फेटच लागते. क्लोरोक्विन हे हिवतापाचे जुने औषध, लिटरमागे 10 मिलिग्रॅम या मात्रेत वापरतात; ते माणसांचे औषध आहे, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. ब्रुकलिनेलावर फॉर्मॅलिन, कृमींवर प्राझिक्वांटेल. कृमी आहेत की नाहीत हे पाहायला गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटांची बुडी पुरते: क्लोरीनमुक्त पाणी, तापमान टाकीइतके, सामू खाण्याच्या सोड्याने जुळवलेला. कृमी पांढरे पडून भांड्याच्या तळाशी गळतात.

लसूण चारणे, आले घालणे, पाण्यातून अतिनील दिवा फिरवणे, सफाई करणारा निळा मासा आणणे असे सल्ले पुष्कळ मिळतात. लसणाने रोग बरा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. दिव्यापुढून जाणारे परजीवी मरतात, पण तळाच्या कपारीतून थेट माशावर चढणारे त्याच्यापर्यंत येतच नाहीत. आणि सफाई मासा कातडीखालचा क्रिप्टोकॅरिऑन खात नाही. बहुतेक टाक्यांत तो स्वतःच उपाशी मरतो, हे विकणाऱ्यांनी सांगायला हवे.

मासे उपचार-टाकीत असताना मूळ टाकीचे काय, हा प्रश्न सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. टोमॅटो-बटाट्यात मर आली की शेतकरी त्या वावरात काही काळ ते पीक घेत नाही. तसेच टाकी माशांविना पड ठेवावी लागते, म्हणजे फुटणाऱ्या प्रत्येक कोषातले जीव माशाविना मरून जातात. बहुतेक कोष महिन्याच्या आत फुटतात, पण काही 72 दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. म्हणून अनुभवी लोक 76 दिवस थांबतात. बेळगाव भागातल्या हिवाळी रात्री थंड असतात आणि थंडीत कोषांचे काम मंदावते. म्हणून रिकाम्या टाकीतला हीटर बंद करण्याचा मोह टाळावा. 26-27 अंशांवर कोष लवकर फुटतात. फिल्टर चालू ठेवावा आणि त्यातले जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकावे. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, तेव्हा घरच्या टाकीत जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड नसावाच. हे बंधन इथे उपयोगी पडते: कृत्रिम दगडांची टाकी वेळ आली तर पूर्ण उपसून, उन्हात वाळवून पुन्हा मांडता येते आणि अडीच महिन्यांची वाट वाचते.

रोगातून वाचलेल्या माशात काही महिने टिकणारी अंशतः प्रतिकारशक्ती येते. तो निरोगी दिसतो, पण उपचार अर्धवट राहिला असेल तर त्याच्या कल्ल्यांत थोडे परजीवी टिकून राहतात. पुढे नवा, प्रवासाने थकलेला मासा आणला की रोग त्याच्यावर उसळतो आणि दोष नव्या माशाला दिला जातो. म्हणून प्रत्येक नवा मासा, कितीही सुंदर आणि धडधाकट वाटला तरी, निदान महिनाभर वेगळा ठेवावा. त्या टाकीचे जाळे, बादली आणि हात मुख्य टाकीत तसेच जाऊ देऊ नयेत. शक्य असेल तिथे समुद्रातून पकडलेल्याऐवजी उबवणकेंद्रात वाढलेले विदूषक मासे घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने अशा माशांच्या पैदाशीचे तंत्र भारतातच विकसित केले आहे. ते टाकीच्या पाण्याला आणि कोरड्या खाद्याला आधीच सरावलेले असतात.

उपचारानंतरचे पाणी हा शेवटचा मुद्दा आहे आणि शेतीच्या गावात तो लहान नाही. चाळीस लिटर खाऱ्या पाण्यात जवळपास दीड किलो क्षार असतात. ते वावरात, परसातल्या झाडांना, विहिरीजवळ किंवा मार्कंडेय नदीला मिळणाऱ्या ओढ्यात ओतू नये. भरपूर साध्या पाण्यात मिसळून, थोडेथोडे, सांडपाण्याच्या गटारात सोडावे. तांब्याचे पाणी आधी बादलीत चुना टाकून एक रात्र ठेवावे. तांबे खाली बसते, वरचे पाणी निराळे काढता येते आणि तळाचा गाळ गुंडाळून जनावरांच्या व पोरांच्या हाताला लागणार नाही असा वेगळा टाकता येतो. मेलेले मासे खोल पुरावेत, आणि जिवंत मासा, कितीही कंटाळा आला तरी, कुठल्याही पाण्यात सोडू नये.